कुरणात गेलेली शाळा

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात १९४५ हे साल विसरण्यासारखं नाही. मे महिन्यात झरी गावी वारली आदिवासी जमले आणि वेठबिगार करायची नाही असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डीला ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बाई सामान उचलून वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणवाडी जन्मली ती अशी.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. इथली मुलं दिवसभर गुरांमागे. म्हणून गुरं चरत तिथेच शाळा भरू लागली: कुरणशाळा. झाडाखाली फळा, मोजायला खडे, बिया, पानं. माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला राहिली, तिची दृष्टी मात्र घेतली. मोठ्या मुलीच्या कडेवरचं तान्हं हाही शाळेचाच प्रश्न मानला आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. ‘आदिवासींची मुलं शिकत नाहीत’ असं बिनदिक्कत म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी ही कामं मोलाचीच. पण मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा कोसबाडचा आग्रह वाटेत पातळ झाला.

भाषेचंही तेच. अल्पसंख्य भाषांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे १९५६पासून संविधानाच्या कलम ३५०-कमध्ये आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदाही मातृभाषा सांगतो, पण ‘व्यवहार्य असेल तितपत’. या सवलतीतच पहिलीतल्या वारली मुलाचं बोलणं ‘अशुद्ध’ ठरतं. दुसरीकडे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ला पद्मश्री मिळाली; वारली चित्रं शहरी शाळांच्या भिंतींवरही दिसू लागली. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाते, हे सारं घरी पाहिलेलं मूल वर्गात बसलेलं असतं. त्याला ते त्याच्या बोलीत सांगू द्यावं, बाईंनी फळ्यावर लिहून घ्यावं आणि पहिला वाचनपाठ त्यातूनच करावा. यासाठी पाड्यावरचीच शिकलेली मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात, नीट पगारावर, शिक्षकाच्या जोडीला हवी.