खंजिरीच्या तालावरचा कवी

नवेगाव बांधकडे धानाची रोवणी करताना बायांच्या ओठी गाणे येते. ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गाणेही असेच फुलले. अमरावती जिल्ह्यातील यावलीत १९०९ साली गरीब घरी जन्मलेला हा माणिक शाळेत थोडाच शिकला. वरखेडच्या आडकोजी महाराजांपाशी मात्र त्याला भजनाचा छंद जडला. पुढे स्वतः पदे रचून, खंजिरी वाजवीत ते गावोगाव गायले. त्या भजनांनी लोक जागे झाले, म्हणून १९४२ साली इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. १९५५ मध्ये हीच खंजिरी जपानच्या विश्वधर्म परिषदेत घुमली. तेव्हा घरचे पोर ताटलीवर ठेका धरू लागले तर दटावू नका. जवळ बसवून एखादे भजन शिकवा.