भीती कबूल करण्याचा सराव

कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमला तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या (११७८–१२१८) काळातले कंपहरेश्वराचे देऊळ आहे. हा शिव भीतीचा थरकाप घालवतो, अशी श्रद्धा. तिथे जाणारा भाविक आधी आपली भीती कबूल करतो, आणि मन कणखर होण्याची सुरुवात तिथूनच होते. ‘सगळं छान होईल’ असे घोकून नव्हे. २००९मध्ये मानसशास्त्रज्ञ जोअन वुड यांच्या प्रयोगात, मुळात आत्मविश्वास कमी असलेल्यांना स्वतःविषयीचे गोड वाक्य घोकल्यावर उलट जास्तच वाईट वाटले. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या अभ्यासात मात्र चार दिवस, रोज पंधरा मिनिटे मनातला आघात लिहून काढणारे विद्यार्थी त्या वेळी अस्वस्थ झाले, पण पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी गेले.

एवढे रोज कोण करणार, ही शंका रास्त आहे. लंडनमधल्या ९६ जणांच्या पाहणीत खाण्यापिण्याची, व्यायामाची साधी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असे दिसले; एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. (‘एकवीस दिवसांत नवे आयुष्य’ विकणाऱ्यांनी हे वाचावे.) दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: त्याच तिरुभुवनममध्ये हातमागावर रेशमी साडी विणणाऱ्याची मजुरी मनाच्या सरावाने वाढत नाही. खरेच, वाढत नाही. त्यासाठी सहकारी संस्था आणि बाजारभाव लागतो. पण रोज रात्री त्या दिवसाची धास्ती दोन ओळींत लिहिली, तर त्यातले आपल्या हातातले किती आणि संस्थेपुढे मांडायचे किती, हे वेगळे काढता येते.