हिरडीआडचे दात

कुत्रे नेहमीच्या भुकेने जेवते त्याअर्थी त्याचे तोंड दुखत नसणार, हा पाळीव प्राण्यांच्या धन्यांचा समज कितीही प्रामाणिक असला, तरी वेदना लपविणे हा कुत्र्या-मांजरांचा स्वभावधर्म असल्यामुळे, दाढ ठणकत असतानाही प्राणी दुसऱ्या बाजूने चावतो अथवा घास तसाच गिळतो, आणि थाळी रोजच्याप्रमाणेच लख्ख होते.

दात पांढरेशुभ्र दिसले म्हणजे निरोगी, हाही तसलाच एक समज. वस्तुतः दाताची मुळे जबड्याच्या हाडात दडलेली असतात आणि तिथे नजरेचा अंमल चालत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दंतोपचारासाठी आणलेल्या ज्या जनावरांच्या तोंडात वरवर काहीच विकार दिसला नव्हता, त्यांपैकी २७.८ टक्के कुत्र्यांच्या व ४१.७ टक्के मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे दोष आढळले.

मांजराच्या बाबतीत तर हे चित्र म्हणजे केवळ पुरावा नव्हे, प्रत्यक्ष हुकूमच होय. शरीरातीलच पेशी दात हळूहळू झिजवून टाकतात असा एक विकार मांजरांत फार आढळतो. त्यात काही दातांची मुळे शाबूत असतात, तर काहींची विरघळून त्यांच्या जागी हाड आलेले असते. पहिल्या प्रकारात दात मुळासकट काढावाच लागतो. दुसऱ्यात वरचा भाग छाटून हिरडी शिवून टाकण्याची मुभा असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे, चित्र न काढता हत्यार उचलणाऱ्याच्या हातून एक तर दुखणारे मूळ आतच राहते, नाही तर नसलेले मूळ शोधण्यात जबडा विनाकारण खणला जातो.

कुत्र्याच्या डोळ्याखाली येणारी सूज औषधाने ओसरून पुन्हा उमटत असेल, तर वरच्या तीन मुळांच्या मोठ्या दाढेची झडती चित्र काढून आधी घ्यावी.

हे चित्र काढण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या भुलेची भीती मात्र अगदीच निराधार नाही. म्हणूनच आधी रक्ततपासणी करतात. परंतु तोंडात चित्राची पट्टी धरून निश्चल राहण्याची अपेक्षा शुद्धीवरच्या जनावराकडून करता येत नाही, आणि भुलेशिवाय दात खरवडून देणारे लोक दिसतो तेवढाच भाग साफ करतात.

किरणांच्या भीतीला मात्र फारसा आधार उरलेला नाही. १८९६ साली जर्मनीतील ओटो वाल्कहॉफ यांना स्वतःच्या दातांचे चित्र घेण्यास पंचवीस मिनिटे लागली होती. आज ते क्षणार्धात उमटते. कर्मचारी दूर सरतात, ते त्यांना हेच काम दिवसभर करायचे असते म्हणून.