धारावीच्या बोळात पाठीवर लॅपटॉप. ‘स्लमडॉग’च्या कॅमेरामनला ऑस्कर कसा मिळाला?

मुंबई : गावाकडं आता लग्नाचं शूटिंगही मोबाईलवर होतं. ‘पण सिनेमा म्हटलं की मोठा कॅमेराच पाहिजे’ असं म्हणणारे अजून बरेच आहेत. त्यांनी अँथनी डॉड मँटल यांचं काम जरूर बघावं.

इंग्लंडमध्ये जन्मलेले मँटल सिनेमाचं शिक्षण घेऊन डेन्मार्कमध्ये स्थिरावले. १९९८ मध्ये त्यांनी ‘फेस्टन’ हा डॅनिश सिनेमा चक्क घरगुती हँडीकॅमवर शूट केला. चित्र खरखरीत होतं, पण कॅमेरा घरातल्याच कुणीतरी धरलाय असं वाटायचं. कौटुंबिक भांडणाच्या गोष्टीला तेच हवं होतं. त्या सिनेमाला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला.

पुढं दिग्दर्शक डॅनी बॉयल यांच्या ‘२८ डेज लेटर’मध्ये (२००२) ओसाड लंडन दाखवायचं होतं. एवढं मोठं शहर रिकामं करणार कसं? पहाटे वाहतूक थोडाच वेळ थांबवता यायची. छोटे व्हिडिओ कॅमेरे पटकन मांडता येत, म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले गेले. गंमत म्हणजे त्याच सिनेमाचा शेवट मात्र त्यांनी ३५ एमएम फिल्मवर घेतला. डिजिटलचा हट्ट त्यांनी कधी धरलाच नाही.

खरी परीक्षा मुंबईत झाली. ‘स्लमडॉग मिलेनियर’साठी धारावीच्या चिंचोळ्या बोळातून पळणाऱ्या पोरांमागं पळायचं होतं. मोठा कॅमेरा दिसला की गर्दी जमणारच! मग ‘एसआय-२के’ हा डिजिटल कॅमेरा वापरला. लेन्सचा छोटा भाग हातात, चित्र साठवणारा लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत, मध्ये केबल. उकाड्यात लॅपटॉप तापायचा, म्हणून पिशवीत चक्क ड्राय आईस ठेवावा लागे. काही भाग फिल्मवरही झाला. २००९ मध्ये मँटल यांना ऑस्कर मिळाला. बहुतांश डिजिटलवर चित्रित सिनेमाला छायाचित्रणाचा ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

२०२५ मध्ये आलेला ‘२८ इयर्स लेटर’ तर मँटल यांनी बराचसा आयफोनवर चित्रित केला. काही दृश्यांसाठी एकाच चौकटीवर २० फोन बसवले होते. मात्र त्या फोनला वेगळ्या लेन्स जोडल्या होत्या आणि सिनेमाचं बजेट कोट्यवधी डॉलरचं होतं.