काळ्या मातीला वाळू नव्हे, खत हवं

घरापुढच्या दहा बाय दहाच्या तुकड्यात पालक, मिरची, शेवंती लावायची म्हटलं की इंदूरच्या कृष्णपुऱ्यात पहिला सल्ला ठरलेला असतो: “काळी माती आहे, आधी गाडीभर वाळू टाका, हलकी होईल.” माळी हेच सांगतो, शेजारच्या काकूही हेच सांगतात. दर उन्हाळ्यात हे ऐकतो आणि दर वर्षी कुणाचं तरी अंगण विटेसारखं घट्ट झालेलं पाहतो. म्हणून एकदा स्पष्ट लिहितो: अशानं माती हलकी होत नाही.

तक्रार मात्र खरी आहे. माळव्याची माती वैशाखात भेगाळते आणि आषाढात चपलेला गोळा होऊन चिकटते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात. ते पाण्यानं फुगतात, वाळले की आक्रसतात. त्यांच्यापुढे वाळूचा कण म्हणजे डोंगर. थोडी वाळू घातली तर दोन कणांमधली जागा चिकणमातीच भरून टाकते, आणि हवेला, मुळांना वाट मिळतच नाही. वाळूचा गुण यायला मिश्रणात निदान निम्मी वाळू हवी. हिशेब करा: दहा बाय दहाचा वाफा, सहा इंच खोल, म्हणजे ५० घनफूट माती. तेवढीच वाळू घालायची तर तिचं वजन दोन टनांच्या वर जातं. शिवाय वाळूत अन्न नाही, ओल धरायची ताकद नाही. या मातीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिची ओल, आणि तीच आपण पैसे देऊन घालवतो!

उपाय कुजलेल्या पाल्याचा आहे. खतामुळे चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना धरून रवाळ होतात. त्या रव्यांमधून पाणी उतरतं, हवा खेळते, गांडुळं येतात. वाफ्यावर दोन इंच खत पसरा, म्हणजे साधारण १७ घनफूट, आणि वाफसा आल्यावरच वरच्या मातीत मिसळा. ओल्या चिखलात कुदळ घातली तर ढेकळं होतात. पावसाळ्यासाठी गादीवाफा सहा-आठ इंच उंच ठेवा, म्हणजे मुळं पाण्यात उभी राहणार नाहीत.

कुणाला शंका असेल तर आपल्याच शहराचा इतिहास पाहावा. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे प्रमुख होते. याच काळ्या मातीवर काम करताना त्यांनी पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करायची पद्धत बसवली. ढीग तीनदा उलटायचा: पंधरा दिवसांनी, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. १९३५ मध्ये गांधीजी हे काम पाहायला तिथे गेले होते. जगभर ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्या इंदुरात आपण वाळूची गाडी मागवावी, याचं वाईट वाटतं.

आता बाकीचे गैरसमज.

घरातल्या खताला वास येतो. ओलं जास्त आणि कोरडं कमी झालं की येतो. भाजीच्या देठांवर दर वेळी कोरडा पाला टाका.

भाजी पुढच्या अंगणात शोभत नाही. लाल माठाची किनार आणि जाळीवर चढलेला वाल पाहा, मग बोला. शिवाय काकडी, कारलं, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. शेजारी फुलझाडं असली की मधमाश्या येतात आणि फळ धरतं.

झेंडू लावला की कीड जाते. दाट लावलेल्या झेंडूनं मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी कमी होतात, हे खरं. मावा त्यानं पळत नाही.

पाणी रोज हवंच. बोटभर खोल ओल असेल तर नको. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटर लांबच्या जलूदहून चढवून आणलेलं असतं.

वाफा भिंतीला लागून असला की जागा वाचते. काळी माती फुगते आणि आक्रसते, त्यानं घराच्या पायाला त्रास होतो. दोन-तीन फूट सोडा, तिथे कुंड्या ठेवा.

सावलीत काहीच येत नाही. टोमॅटो-मिरचीला सहा तास ऊन हवं. पालक, मेथी, कोथिंबीर तीन-चार तासांवरही भागवतात. म्हणून आखणी करण्याआधी एक दिवस सावली कुठे कुठे फिरते ते पाहा.

फाल्गुनात कडुनिंबाचा पाला झडतो, तेव्हा तो जाळू नका. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच ढीग रचा आणि तीनदा उलटा. मृगाचा पाऊस येईपर्यंत खत हाताशी असेल.