वाळवंटात टाकून दिलेलं सामान

अमेरिकेतली मोठी संग्रहालयं पाहायची म्हणजे पायांचे तुकडे पडतात. ग्रँट्सव्हिलचं संग्रहालय त्या मानाने अगदी घरगुती. युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर हे छोटंसं गाव आहे. तिथली उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची १८६१ सालची शाळा म्हणजेच आजचं ‘डॉनर-रीड’ संग्रहालय. जुनं फर्निचर, बंदुका, घरातली भांडीकुंडी हे सगळं आम्ही भराभर पाहिलं. पाय थांबले ते गंजक्या लोखंडी सामानापाशी. हे कुणी हौसेने जपून ठेवलेलं नव्हतं. जीव वाचवण्यासाठी वाळवंटात टाकून दिलेलं होतं.

१८४६च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डहून डॉनर आणि रीड ही कुटुंबं बैलगाड्या जोडून कॅलिफोर्नियाला निघाली. वाटेत आणखी बिऱ्हाडं मिळत गेली आणि तांडा ८७ माणसांचा झाला. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थाने आपल्या पुस्तकात एक जवळची वाट सुचवली होती. पुस्तक लिहिलं तेव्हा तो स्वतः त्या वाटेने गेलेलाही नव्हता! असे वाटाडे सगळ्याच देशांत असतात म्हणा.

आज ग्रँट्सव्हिल आहे तिथल्या गोड्या पाण्यावर तांडा उतरला. पुढच्या खोऱ्यात हेस्टिंग्जने लावून ठेवलेल्या चिठ्ठीचे नुसते कपटे सापडले. टॅमसन डॉनर या बाई मूळच्या शिक्षिका. त्यांनी ते कपटे जुळवून मजकूर लावला. पुढे दोन दिवस आणि दोन रात्री पाणी नाही, असा त्याचा अर्थ निघाला. प्रत्यक्षात ते मिठाचं वाळवंट सुमारे १३० किलोमीटरचं निघालं. वरून पांढरी खारी पापडी आणि खाली चिखल. चिखलात रुतलेली बैलगाडी ज्याने एकदा तरी पाहिली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. तहानेने वेडे झालेले बैल मोकळे सोडले, तर ते अंधारात उधळले. रीड कुटुंबाकडे एक बैल आणि एक गाय एवढंच उरलं. गाड्या तिथेच सोडल्या, चीजवस्तू पुरून ठेवल्या. त्या सामानासाठी परत कुणी आलं नाही.

पुढे १८५० साली मॉर्मन लोकांनी इथे वसाहत केली. त्यांना इकडे ‘पायोनियर’ म्हणतात, म्हणजे आधी वाट पाडणारे. पण हा मुलूख गोशूट लोकांचा. गोड्या पाण्याच्या जागा त्यांना कितीतरी आधीपासून ठाऊक होत्या. मूळ रहिवाशांच्या वस्तूही याच इमारतीत आहेत. त्यांना कुणी पायोनियर म्हणत नाही, हे मला खटकलं.

१९८६ साली पुरातत्त्वज्ञांनी त्या गाड्यांच्या जागा खणल्या. सॉल्ट लेकचं वाढलेलं पाणी वाळवंटात सोडायचं घाटत होतं, म्हणून ही घाई. दीडशे वर्षांपूर्वी पाण्यावाचून सोडलेल्या गाड्या आता पाण्याखाली जायच्या होत्या.

या उशिराची किंमत तांड्याने सिएरा नेवाडाच्या डोंगरात मोजली. नोव्हेंबरच्या आरंभी बर्फाने वाट बंद केली. जवळजवळ निम्मी माणसं गेली आणि उरलेल्यांपैकी काहींना मेलेल्यांचं मांस खावं लागलं. जेम्स रीड यांच्या हातून वाटेत एकाचा खून झाला होता, म्हणून तांड्याने त्यांना आधीच बाहेर काढलं होतं. तेच १८४७च्या मार्चमध्ये मदत घेऊन परत आले. नवरा, बायको आणि चारही मुलं वाचली.

त्या मुलांत पॅटी आठ वर्षांची. वाळवंटात सामान टाकायची वेळ आली, तेव्हा तिने जेमतेम दहा सेंटिमीटरची लाकडी बाहुली कपड्यांत लपवली. ती बाहुली ग्रँट्सव्हिलला नाही. ती कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टच्या संग्रहात आहे. ही गोष्ट सांगितली तेव्हा माझी नात, पॅटीच्याच वयाची, गंजक्या लोखंडाकडे पाठ फिरवून म्हणाली, “आजी, मग तिची आई रागावली?”

आई पहिल्या मदत-पथकाबरोबर डोंगरापलीकडे गेली होती. अशक्त पॅटीला मागे ठेवावं लागलं होतं. बर्फातून सुटल्यावर तिने बाहुली बाहेर काढली म्हणतात, तेव्हा शेजारी होते ते वडील.

“मग ठीक आहे,” नात म्हणाली.