परकीय भाषेचे शिक्षण आणि भावनिक बुद्धिमत्ता

बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून परिचित होते. 24 मे 2008 रोजी तेथील आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि गावाचे अर्थकारण बदलले. विमानतळाच्या उभारणीत लार्सन अँड टुब्रोसह जर्मनीची सीमेन्स आणि स्वित्झर्लंडचा झुरिच विमानतळ यांचा सहभाग होता. 2025 मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोनचे उत्पादनही या तालुक्यात सुरू झाले. अशा परिसरात परकीय भाषा ही हौसेची बाब राहत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ती मानवी भांडवल ठरते.

या भांडवलाचा खर्च आपण शुल्क आणि वेळ यांत मोजतो. परंतु त्याचे एक वैशिष्ट्य आहे. जर्मनच्या पहिल्या एक-दोन पायऱ्या चढून थांबलेल्या उमेदवाराला रोजगाराच्या बाजारात जवळपास काहीच मोबदला मिळत नाही. कर्ज काढून शुल्क भरलेल्या कुटुंबासाठी ही अर्धवट गुंतवणूक बुडीतच म्हणावी लागेल. म्हणून विद्यार्थी मध्येच का थांबतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

उत्तराचा एक भाग भावनांमध्ये आहे. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये 33 विधानांची मोजपट्टी तयार करून परकीय भाषेच्या वर्गातील भीती ही स्वतंत्र बाब असल्याचे मांडले. गणित चुकले तर उत्तर चुकते. बोलताना चुकले तर आपणच हास्यास्पद ठरलो, असे प्रौढ माणसाला वाटते. येथे भावनिक बुद्धिमत्तेचा संबंध येतो. सॅलोव्ही आणि मेयर यांनी 1990 मध्ये मांडलेल्या या संकल्पनेत स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांत भेद करणे आणि त्या जाणिवेचा विचार व कृतीसाठी उपयोग करणे अभिप्रेत आहे. गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकाने ती लोकप्रिय झाली. काहीशी अतिरंजितही झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डेवाले, पेट्रिडीस व फर्नहॅम यांनी 2008 मध्ये 464 बहुभाषिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. भावनिक बुद्धिमत्तेचे गुण अधिक असणाऱ्यांमध्ये भाषिक भीती कमी आढळली. अधिक भाषा येणाऱ्यांमध्येही ती कमी होती. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. शिवाय गुण उत्तरदात्यांच्या स्वतःविषयीच्या कथनावर आधारलेले होते. तरीही दुसरा निष्कर्ष आपल्याला विशेष लागू पडतो. देवनहळ्ळीच्या बाजारात कन्नड, तेलुगू, उर्दू या भाषा एकमेकींत मिसळतात. तेथे वाढलेला तरुण व्याकरण न शिकता, चुका करीत, समोरच्याचा चेहरा वाचत दुसरी भाषा आत्मसात करतो. म्हणजे आवश्यक भावनिक कौशल्य त्याच्याकडे असतेच. वर्गात मात्र भाषा हा 'विषय' होतो, चुकीला गुण कापले जातात आणि तोच तरुण गप्प बसतो.

अभिवृत्तीबाबतही गैरसमज आहे. गार्डनर व लॅम्बर्ट यांनी 1959 मध्ये माँट्रियलमधील अभ्यासातून, त्या भाषिक समाजाशी जवळीक साधण्याची इच्छा आणि व्यावहारिक लाभाची अपेक्षा, अशा दोन प्रेरणांमध्ये भेद केला. पहिली श्रेष्ठ, असा समज पुढे रूढ झाला. यास्मिन लुकमानी यांनी 1972 मध्ये मुंबईतील 60 मराठी भाषिक शालेय विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. इंग्रजीतील प्रावीण्याचा संबंध व्यावहारिक प्रेरणेशी आढळला. या मुलींना इंग्रजांसारखे व्हायचे नव्हते. त्यांना पुढे जायचे होते. नोकरीसाठी भाषा शिकणाऱ्याने त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पत्रिकेत अभिवृत्ती आणि भावनिक बुद्धिमत्ता हे दोन्ही घटक 2013 पासून समाविष्ट आहेत. उत्तरात केवळ व्याख्या न देता असे उदाहरण जोडता येईल.

धोरणाच्या दृष्टीने हा विषय महाराष्ट्रालाही जवळचा आहे. कुशल मनुष्यबळासाठी राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि जर्मन भाषेचे प्रशिक्षण हा त्याचा भाग ठरला. अशा योजनांचा आढावा घेताना नोंदणी झालेल्यांची संख्या सहज हाती येते. किती जणांनी कोणत्या पायरीवर वर्ग सोडला आणि सोडण्यापूर्वी त्यांना वर्गात किती वेळा बोलू दिले गेले, याची नोंद ठेवणे अधिक कष्टाचे असले, तरी योजनेचा खरा खर्च तिच्यातूनच कळेल.